खिडकीतून काय दिसतं

लिफ्टसमोर माझ्या हातातून नाटकाची संहिता निसटली आणि पानं फरशीभर पसरली. मी मनातल्या मनात अख्ख्या मराठी मंडळाचा उद्धार केला. दिवसभर नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नव्या सॉफ्टवेअरपायी डॉक्टरांची बोलणी खाल्लेली, सेम्बावांगला घरी येईपर्यंत एमआरटी ट्रेनमध्ये उभं राहून पाय भरून आलेले, आणि आता वाका आणि कागद वेचा. तेवढ्यात मागून कुणीतरी मोडक्या इंग्रजीत ओरडलं, "थांब! आधी त्याच्यावर बस!"

बघते तर एक उंच, वाळका, गोरा म्हातारा. त्याचं म्हणणं असं, की नाटकाची संहिता हातातून पडली तर उचलायच्या आधी तिच्यावर बसावं लागतं, नाहीतर नाटक पडतं. आता आपल्याकडे कागदाला चुकून पाय लागला तरी हात लावून कपाळाला लावतात, आणि हा बाबा मला चक्क सरस्वतीवर बूड टेकायला सांगत होता! पण तो थट्टा करत नव्हता. मी इतकी दमले होते की वाद घालण्यापेक्षा बसणं सोपं वाटलं. बसले. खरं सांगते, सकाळपासून तेव्हाच पहिल्यांदा टेकले होते.

अशी आमची ओळख झाली. तो रशियन होता. आमच्याच ब्लॉकमध्ये तिसऱ्या मजल्यावर लेकीकडे राहायचा. लेक हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत. बायको गेल्यावर तिने त्याला इकडे आणलं. चाळीस वर्षं त्याने नाटकाचे पडदे रंगवले होते, मंच उभे केले होते. मला तो "सासेद्का" म्हणायचा. मला आधी वाटलं हा मला सासू म्हणतोय, आणि मी तोंडच वाकडं केलं. मग कळलं, त्यांच्या भाषेत सासेद्का म्हणजे शेजारीण.

मंडळाच्या नाटकाचं नेपथ्य माझ्या गळ्यात पडलं होतं, कारण एका मीटिंगला मी गेले नव्हते. गैरहजर माणसाच्या डोक्यावर काम थापायची आपली रीत समुद्रापलीकडेही गेलेली आहे. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! मी ठरवलं होतं, इंटरनेटवरून एखादं चित्र काढायचं, मागे स्क्रीनवर टाकायचं आणि मोकळं व्हायचं. म्हाताऱ्याने 'स्क्रीन' ऐकलं आणि कालचा चहा पुढे ठेवल्यासारखा चेहरा केला.

"काय काय आहे नाटकात?" त्याने विचारलं.

"पुण्यातल्या फ्लॅटमधली एक खोली. मागे खिडकी."

"खिडकीतून काय दिसतं?"

"ते लिहिलेलं नाही. काहीही दाखवा."

यावर तो भडकला. "काहीही दिसणाऱ्या खिडकीपाशी कोण राहतं?" म्हणाला. मी मनात म्हटलं, मी राहते की. आमच्या बेडरूमच्या खिडकीतून काय दिसतं ते मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. सकाळी अंधारात निघायचं, संध्याकाळी पडदा ओढायचा. पण तो हटेना. शेवटी मी वैतागून माझ्या आईच्या घरची खिडकी सांगितली. समोर शेवग्याचं झाड. त्याच्या मागे दुसऱ्या इमारतीची गॅलरी, तिच्यावर वाळत घातलेल्या साड्या. वर गच्चीवर सिमेंटची टाकी. झालं समाधान?

कसलं होतंय! शेवगा म्हणजे कसा? पान केवढं? साड्या ओल्या की वाळलेल्या? टाकीची सावली सकाळी कुठे पडते, दुपारी कुठे? मला सांगता येईना, आणि सांगता येत नाही म्हणून रडू यायला लागलं, म्हणजे कमालच. आईची इमारत रिडेव्हलपमेंटमध्ये पाडली. आई त्याच्या आधीच गेली. फोटोत आम्ही सगळे खिडकीकडे पाठ करून उभे. बाहेरचा फोटो काढायचं कुणाच्या डोक्यात येणार?

मग मी रोज ऑफिसातून येताना तिसऱ्या मजल्यावर उतरायला लागले. अर्धा तास, जास्त नाही. मी काही प्रेमळ बाई नव्हे. पण तिथे मला कुणी 'सिस्टिम कधी चालू होणार' असं विचारत नव्हतं, एवढं पुरेसं होतं. मी खुर्चीत कलंडून आठवेल तसं सांगायची आणि तो रंगवायचा.

सोफा भिंतीला लावून त्याने दिवाणखान्यात जमिनीवर सुती कापड अंथरलं होतं, बारा फूट बाय दहा. इथल्या खिडक्यांबाहेर कपडे वाळत घालायला बांबू असतो, तसल्या बांबूला त्याने ब्रश बांधला होता. पायात जाड लोकरी मोजे. उभ्याने, केर काढल्यासारखा, तो त्या कापडावर फिरत रंग द्यायचा. त्यांच्याकडे पडदे असेच जमिनीवर रंगवतात म्हणे. पहिल्या दिवशी तो मोज्यांनी सरळ आकाशावर चालत गेला तेव्हा मी "अहो, अहो!" म्हणून ओरडलेच.

"मग तुम्हाला कळतं कसं, कसं झालंय ते?"

"नाही कळत," तो म्हणाला. "टांगल्यावर कळतं. जमिनीवर पडलंय तोवर ते चित्र नाही, फरशी आहे."

हळूहळू त्याच्या गोष्टी कळल्या. नदीकाठच्या कुठल्याशा गावात त्याचं थिएटर होतं. बर्फातली जंगलं, राजवाडे, रेल्वे स्टेशनं, त्याने काय काय रंगवलं होतं. "त्यातलं आता कुठे काय आहे?" मी विचारलं. काहीच नाही. कापड महाग, म्हणून नाटक संपलं की पडदा धुवायचे आणि त्याच्यावर पुढच्या नाटकाचं आकाश. उरलेले गोदामात कुजले. मग थिएटरातही स्क्रीन आले आणि याची गरज संपली. हे तो इतकं सहज सांगत होता की मलाच कसंतरी झालं. चाळीस वर्षं राबून माणसापाशी स्वतःच्या कामाचा एक तुकडा नाही. मी म्हटलं, "हा आमचा पडदा नाही धुणार हं आम्ही." तो हसला. म्हणाला, "आधी टांगलेला बघू दे."

आता इथे मला माझी एक सवय सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच झाला. आपण निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. मीही रोज उठताना म्हणायची, "येते हं." आणि त्याला कळावं म्हणून वर इंग्रजीत, "ओके अंकल, आय कम." दुसऱ्या दिवशी मी खरंच यायची, त्यामुळे त्यात काही बिघडत नव्हतं. मी कापडाची शेवटची कड ओलांडली की तोही मागून पुटपुटायचा, "येते, येते."

पडदा पुरा झाला आणि त्याच आठवड्यात दोन बातम्या आल्या. लेकीची बदली झाली, दुसऱ्या देशातल्या बंदरावर, शनिवारी दुपारचं विमान. आणि आमचं नाटक, जे शुक्रवारी होतं, ते हॉलच्या गोंधळात एक आठवडा पुढे गेलं. म्हणजे त्याचा पडदा टांगला जाईल तेव्हा तो नसणार. शुक्रवारी संध्याकाळी चिवड्याचा डबा घेऊन मी हे सांगायला गेले. त्या आठवड्यात ऑफिसात जुनी सिस्टिम बंद करून नवी चालू केली होती, मला उभ्या उभ्या झोप येत होती.

त्याने ऐकून घेतलं. गुंडाळलेला पडदा भिंतीशी उभा होता, त्याच्यावर हात ठेवून म्हणाला, "जायच्या आधी एकदा टांगायला हवा. कुठेही. मला बघायचाय."

मी म्हटलं, "बघू."

तुम्हा-आम्हाला काय सांगायचं 'बघू'चा अर्थ! मुलं सहलीला जायचं म्हणतात, 'बघू'. बाई पगार वाढवून मागते, 'बघू'. नाही म्हणायचं जिवावर येतं तेव्हा आपण 'बघू' म्हणतो आणि समोरचा काय ते समजून जातो. मी तेच इंग्रजीत म्हटलं. "वुई विल सी, अंकल." आणि निरोपाचे दोन शब्द बोलून, त्याचे हात हातात घेऊन निघाले. दारात सवयीने, "येते हं. आय कम."

माझ्या दृष्टीने निरोप झाला होता. वाईट वाटत होतं, पण झोप त्याहून जास्त येत होती.

शनिवारी दहाच्या पुढे बेल वाजली. दारात त्याची लेक. चेहरा ओढलेला, पण बोलली नीट. म्हणाली, "माफ करा, पण बाबा सात वाजल्यापासून जाकीट घालून, पडदा मांडीवर घेऊन दाराशी बसलेत. मी सांगितलं, त्या विसरल्या असतील. ते म्हणतात, शक्य नाही. ती म्हणाली, आपण बघू. ती म्हणाली, मी येते. बाराला टॅक्सी आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय सांगू हिला? की बाई गं, आमच्यात 'बघू' म्हणजे नाही, आणि 'येते' म्हणजे जाते? सांगता आलंही असतं. पण तीन तास जाकीट घालून बसलेल्या माणसाला व्याकरण कसं समजावणार? मी गाऊनवर ओढणी टाकली, तेरा वर्षांच्या माझ्या लेकीला पांघरुणातून ओढून काढलं आणि खाली धावले.

तो मला बघून उठला. रागावला नव्हता. ते जास्त लागलं. "सासेद्का," एवढंच म्हणाला आणि पडदा माझ्या हातात दिला.

त्याच्या दारासमोरच्या कॉरिडॉरच्या कठड्यावरूनच टांगायचं ठरलं. पडद्याच्या वरच्या शिवणीत त्याने त्याचाच तो बांबू ओवला. एक टोक मी धरलं, दुसरं माझ्या लेकीने, आणि मधे बांधलेला दोर त्याच्या मुलीने. तो लिफ्टने खाली गेला, गवतावर जाऊन उभा राहिला, आणि आम्ही पडदा बाहेर सोडला.

मला पडद्याची मागची बाजू दिसत होती. रंग झिरपून आलेले डाग, बाकी कोरं कापड. म्हणजे मी खिडकीच्या आत होते आणि बाहेरचं सगळं तो बघत होता. खालून ओरडला, "वर! अजून वर! डावीकडे!" पहिल्या मजल्यावरच्या चिनी आजी बाहेर येऊन म्हणाल्या, "अय्या, कोणाचं पांघरूण हे?" त्यांना त्याने हाताने गप्प केलं.

ओल्या सतरंजीसारखं ते कापड जड होतं. दंड भरून आले. मला वाटलं दोन मिनिटं बघेल, झालं. तो हलेना. डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभा. "आई, माय आर्म्स आर डाइंग," लेक म्हणाली. मी म्हटलं, "मेले तरी सोडायचं नाही." त्या अख्ख्या वर्षात मी इतकी कामं केली होती, सगळी कधी एकदा हातावेगळी करते या घाईने. हे एकच होतं जे मला संपवायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "टाकी वाकडी आहे!"

"काय?"

"टाकी! वाकडी! बाकी ठीक." आणि मग जरा थांबून, "तिथे ऊन चांगलं होतं, सासेद्का."

तोंड उघडलं असतं तर बांबू सुटला असता.

टॅक्सी आली. बॅगा दाराशी होत्या. निघायच्या आधी त्याने आम्हाला सगळ्यांना बसायला लावलं, बॅगेवर, चपलांच्या स्टुलावर, जागा मिळेल तिथे. लांबच्या प्रवासाआधी त्यांच्याकडे असं गप्प बसतात. आम्ही बसलो. यावेळी मी विचारलंही नाही, का म्हणून.

मग तो उठला. मी त्याला वाकून नमस्कार केला, त्याने गडबडून माझ्या डोक्यावर टोपीसकट हात ठेवला. टॅक्सीत बसला, काच खाली केली, आणि अगदी माझ्यासारखी मान कलती करून म्हणाला,

"येते हं."

"या," मी म्हटलं. "या हं, अंकल."

टॅक्सी वळेपर्यंत आम्ही उभ्या होतो. पडद्याची गुंडाळी माझ्या खांद्यावर होती.

"आई," लेक तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "ही शुड से 'येतो', राइट? ही'ज अ मॅन, लाह."

"माहितीये."

"देन व्हाय यू नेव्हर टेल हिम?"

"माझं ऐकून शिकला तो. पुढच्या वेळी आला की सांगीन."

तिने संशयाने विचारलं, "ही'ज कमिंग बॅक, मेह?"

"बघू," मी म्हटलं.