थंड गाडीचा मिस्तरी

वाटूर फाट्यावर गाड्या दुरुस्त करणारे पुष्कळ. पण सकाळी गाडी चालू होत नाही, झालीच तर थरथरते, धक्के खाते, अशी तक्रार असली की लोक एकच नाव सांगत: राजानंद मिस्तरी. त्यात जादूटोणा काही नव्हता. राजानंदची एक अट होती, आणि ती ऐकून निम्मी गिऱ्हाइकं वैतागायची. "गाडी मुक्कामी ठेवा," तो म्हणायचा.

आता माणसाची गंमत बघा. गाडी सकाळच्या गारठ्यात रुसते. मालक तिला ढकलतो, चार शिव्या हासडतो, कशीबशी चालू करतो आणि चालवत फाट्यावर आणतो. तोवर इंजिन तापलेलं असतं आणि गाडी अशी शहाण्यासारखी चालते की मालकच खोटा पडावा. "सकाळी लई मिसिंग मारून राह्यली होती हो!" तो शपथेवर सांगतो. मग दुसरा कुणी मिस्तरी असला तर अंदाजानं प्लग बदलतो, पंप बदलतो, नवी बॅटरी गळ्यात मारतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. राजानंद मात्र गाडी रात्रभर शेडबाहेर उघड्यावर ठेवायचा आणि उजाडताच गार इंजिनावर पहिली चावी स्वतः फिरवायचा. थंडीतलं दुखणं थंडीतच दिसतं, एवढंच त्याचं शास्त्र.

इंजिनाशी असा रोखठोक असलेला हा माणूस माणसांपुढे मात्र जीभ आवरून असायचा. पहिल्यापासून नाही. गॅरेज नवं असताना त्यानं सर्जेराव नावाच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीतून लिंबू-मिरच्यांची माळ काढून फेकली होती. ती रेडिएटरच्या पंख्यात अडकत होती, म्हणून. सर्जेरावांनी भर फाट्यावर आवाज चढवला, "तुम्ही बुद्धाची माणसं, तुमच्यात देव न्हाई, मंग आमच्या देवाला हात कामून लावला?" राजानंदला माळेतला देव दिसला नव्हता, पंख्याचं मोडलेलं पातं दिसलं होतं, पण हे ऐकायला तिथं थांबतो कोण! पुढं किती तरी दिवस सर्जेरावांच्या गावची एकही गाडी त्याच्या शेडकडे वळली नाही. दुधानं तोंड पोळलं, तेव्हापासून तो ताकही फुंकून पिऊ लागला. देवाधर्माच्या वाटेला जायचंच नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

मागच्या हिवाळ्यात अंगद त्याच्याकडे आला. फाट्यापासून आत वस्तीवर राहणारा, धनगराचा पोरगा, मोसंबीची बाग करणारा. त्याचे वडील इंद्रभान यांच्या किडन्या निकामी झालेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना जालन्याला डायलिसिसला न्यावं लागायचं, तेही सकाळच्या पहिल्या नंबराला. वस्तीवर एसटी येत नाही, म्हणून अंगदनं जुनी पेट्रोल कार घेतलेली. ती कार आता गारठ्यात चालू व्हायला अर्धा अर्धा तास लावत होती.

"मुक्कामी ठेव," राजानंद म्हणाला.

"कशी ठेवू भाऊ? उद्या मंगळवार. नंबर हुकला तर मशीन दुसऱ्याला देतात. बाबाला एक खेप चुकली तरी पाय सुजतात, दम लागतो."

मग राजानंदनंच वाट वाकडी केली. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायला तो मोटारसायकलवर वस्तीवर हजर झाला. कार अंगणात दवानं भिजून उभी होती. पडवीत इंद्रभान स्वेटर, मफलर घालून, जायच्या तयारीत बसलेले. आणि कारपुढं अंगदची आई, आसराबाई.

अमावस्या होती, म्हणून आसराबाईंनी टायरला पाणी घातलं, बॉनेटला भंडारा लावला, बिरोबाचं नाव घेऊन दगडावर नारळ फोडला. इथपर्यंत ठीक. पुढं त्यांनी अंगदला बॉनेट उघडायला लावलं आणि करवंटीतलं सगळं पाणी इंजिनाच्या डोक्यावर ओतलं. दुखतं तिथंच अंगारा लावतात, त्या हिशेबानं त्यांचं बराबर होतं. इंद्रभानच्या कपाळाला लावलेला भंडारा आणि इंजिनावरचं हे तीर्थ, दोन्हींमागं जीव सारखाच तुटत होता.

राजानंदनं ते बघितलं. चावी फिरवली. बऱ्याच खटाटोपानंतर इंजिन चालू झालं, पण अंगात हीव भरल्यासारखं थडथडत होतं. त्यानं प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या एकेका कॉइलची वायर काढून बघितली. पहिली काढली, इंजिन आणखी लंगडलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली तर काही फरकच नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर आधीच मेलेला. ती कॉइल त्यानं उपसली. खालच्या खड्ड्यात, प्लगच्या भोवती, चिकट तपकिरी ओल. गंजलेली, आंबूस-गोड वासाची. कडेला चक्क मुंग्या लागलेल्या. त्या ओलीतून ठिणगी भलतीकडेच पळत होती. इंजिन तापलं की ओल सुकायची आणि गाडी सुधारायची. रात्री दव पडलं की पुन्हा तेच.

त्यानं खड्डा पुसला, प्लग बदलला, कॉइल सुकवून बसवली. गाडी चारी सिलिंडरवर बोलू लागली. आसराबाईंनी लगेच बिरोबाला हात जोडले आणि मग राजानंदपुढं चहा ठेवला.

आता नारळाच्या पाण्याचं सांगायचं. शब्द ओठांपर्यंत आले. पण त्याला फाटा दिसला, सर्जेराव दिसले, भोवती जमलेली माणसं दिसली. तो अंगदला बाजूला घेऊन एवढंच म्हणाला, "इंजिनाला ओल लागू देऊ नको. जपत जा."

घरी हे सगळं ऐकून त्याची बायको बेबीनंदानं विचारलं, "मंग, सांगितलं का त्या बाईला?"

"सांगितलं. आडून."

"ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमची सवय काही जायची न्हाई," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

आडून सांगितलेलं आडूनच गेलं. अंगदनं गाडी धुणं बंद केलं. वर ताडपत्री टाकायला लागला. आसराबाईंचं मात्र चालूच. उलट गाडी सुधारली म्हणजे नारळ पावला, असा त्यांचा पक्का समज झाला. आधी त्या फक्त अमावस्येला फोडायच्या, मग खेपेच्या आदल्या संध्याकाळीही फोडू लागल्या. अंगदच्या ताडपत्रीखाली ती ओल रात्रभर मुरत राहिली.

आणि एका शुक्रवारी कार चालूच झाली नाही. अंगदनं चावी फिरवून फिरवून बॅटरी उतरवली. शेजारच्याची जीप मिळेपर्यंत उन्हं वर आली. जालन्याला पोचले तर मशीनवर दुसरा माणूस झोपलेला. "उद्या या," म्हणाले. उद्या उजाडायच्या आत इंद्रभानच्या छातीत पाणी भरलं. तोंडाला ऑक्सिजन लावून त्यांना अतिदक्षता विभागात घेतलं. वाचले, पण वाचले एवढंच. पडवीत ताठ बसणारा माणूस कुशीवर वळायलाही दुसऱ्याचा हात मागू लागला.

अंगदचा फोन आला तेव्हा राजानंदच्या हातातला पाना तसाच राहिला. तो वस्तीवर गेला. त्यानं तिसरी कॉइल काढली. खड्डा काठोकाठ भरलेला. दुसऱ्यातही ओल उतरली होती. त्यानं सगळं कोरडं केलं, जळकी कॉइल बदलली, दुसरी बॅटरी जोडली. एव्हाना आसराबाई अंगदसोबत दवाखान्यातून कपडे न्यायला आल्या होत्या. त्या घरातून बाहेर आल्या त्या हातात फोडलेला नारळ घेऊनच, आणि उघड्या बॉनेटकडे निघाल्या.

राजानंदनं इंजिनावर आडवा हात धरला.

"मावशी, थांबा. याच्यानंच होऊन राह्यलं."

"कशानं?"

"नारळाच्या पाण्यानं. ते खाली उतरतं, ठिणगी पडू देत न्हाई. मंग गाडी गारठ्यात चालू होत न्हाई."

आसराबाई करवंटी धरून उभ्या राहिल्या. त्यांनी त्या खड्ड्यात वाकून बघितलं, बोट घातलं, नाकाला लावलं. वास त्यांना ओळखीचा होता. अंगद मान खाली घालून उभा.

"मिस्तरी, हे तुम्हाला कधी कळलं?"

राजानंदला खोटं बोलता आलं असतं. आत्ता कळलं म्हणाला असता तर कुणी ताडून बघणार नव्हतं.

"पयल्याच दिवशी."

"मंग तवाच कामून न्हाई बोललात?"

"तुमच्या देवाचं होतं, मावशी. आमच्या तोंडून ऐकून तुम्हाला वाईट वाटलं अस्तं."

"वाटलंच अस्तं," आसराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "दोन शिव्या बी दिल्या अस्त्या तुम्हाला. चार दिवस कुढले अस्ते. पन मालक टायमावर पोचले अस्ते का न्हाई, तेवढं सांगा."

पोचले असते, हे तिथं तिघांनाही माहीत होतं.

आसराबाईंनी करवंटी ओट्यावर नेऊन ठेवली, कपड्यांची पिशवी उचलली आणि कारच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. अंगदनं चावी फिरवली. गाडी पहिल्याच चावीला चालू झाली. आसराबाईंनी काच खाली केली.

"आमचा बिरोबा रुसला नसता, मिस्तरी," त्या म्हणाल्या. "त्याला गाडीतलं कळत न्हाई. म्हनून तर तुम्हाला बोलावलं होतं."

बॉनेट अजून उघडंच होतं. राजानंदनं ते लावलं आणि बाजूला सरकून गाडीला वाट दिली.