आमच्या गावचा पहिला फादर

भाच्याची गुरुदीक्षा ठरली आणि गावाच्या अंगातच आलं. भोकरदन तालुक्यातलं आमचं गाव, त्यात कॅथलिक घरं मूठभर. चर्च जुनं, पण फादर कायम बाहेरचे. कुणी गोव्याचा, कुणी वसईचा, आताचे केरळचे. गावचाच मुलगा फादर होतोय असं पहिल्यांदाच घडत होतं. मी त्याची आत्या, त्यात निवृत्त शिक्षिका, तेव्हा आरडाओरडा करायचा हक्क मला दुप्पट होता आणि तो मी पुरेपूर बजावला.

वहिनीनं, म्हणजे त्याच्या आईनं, चर्चमागची खोली रंगवून घेतली. निळा रंग तिनंच निवडला. हसनाबादहून पलंग आणला, नवी गादी भरून घेतली. आपला फादर आपल्याकडेच राहणार, यात कुणाला शंकाच नव्हती. तो मिशनरी संघात गेलाय हे ठाऊक होतं, पण आमच्याकडे मिशनरी म्हणजे जो येतो तो. तो जातोही, हे कुणाच्या टाळक्यातच शिरलं नव्हतं. भाचा बिचारा सांगायचा, "आई, संघ पाठवील तिकडं जावं लागंल मला." वहिनी म्हणायची, "जा की. जालन्याला जा, परतूरला जा. एस्टी हायेच."

तसं फादर घडवण्यात आमचं गाव पटाईत. सेमिनरीत त्यांना काय शिकवतात ते देव जाणे, मराठी आम्ही शिकवतो. नवा फादर आला की घरोघर जेवणाची पाळी लागते आणि बायकांचा नियम एकच, मराठीत मागितल्याशिवाय ताटात काही पडायचं नाही. आताचे फादर तरणेताठे आले, तेव्हा वहिनीच्या घरून पहिल्या दिवशी कोरडी भाकरी खाऊन उठले होते. आता केस पिकलेत आणि प्रवचनात खुशाल "मंग येशू काय म्हनून राह्यला" असं ठोकून देतात. उलट आमचा भाचा पुण्याच्या सेमिनरीतून पुस्तकी मराठी घेऊन आला. त्याची आम्ही मनसोक्त टिंगल केली.

दीक्षेचा दिवस उजाडला. मंडप बौद्धवाड्यातल्या पोरांनी घातला, पाण्याचा टँकर पाटलांनी पाठवला आणि बुंदी पाडायला कोण नव्हतं ते विचारा. हलगी अशी कडाडली की बिशपसाहेबही मान डोलवायला लागले. त्यांनी भाच्याच्या तळहातांना दीक्षेचं पवित्र तेल लावलं तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हे हात मी लहानपणी धुतले होते! मी रडत होते आणि हसतही होते, आणि शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून सांगत होते, "बघ, बघ, आमचा हाय तो."

मिस्साची प्रार्थना संपता संपता भाच्याच्या संघाचे मोठे फादर माईकपाशी आले. म्हणाले, "आपल्या नव्या धर्मगुरूंना संघ टांझानियाला पाठवत आहे."

मंडपात मागून एक म्हातारा बोलला, "ते कोन्त्या तालुक्यात आलं?" कुणीतरी त्याला सांगितलं, "आफ्रिकेत, बाबा. विमानानं जावं लागतं."

नव्या फादरचा पहिला आशीर्वाद आईला, मग रांगेनं बाकीच्यांना, अशी रीत आहे. त्यासाठी भाचा वेदीवरून उतरून वहिनीसमोर येऊन उभा राहिला. ती उठेना. पदर तोंडात धरून नुसती खाली बघत बसली. आई उठली नाही तर हे लेकरू तिकडे कसल्या जिवानं जाणार? तो पांढराफटक पडला होता.

मला राहवलं नाही. मी सरळ मोठ्या फादरांच्या पुढ्यात गेले. "आमचं एकच पोरगं झालं फादर, अन् तेच घेऊन चाल्लात? आमचं चर्च काय कायम दुसऱ्याच्या लेकरावरच चालायचं का?"

उठले ते आमचे केरळचे फादर. सावकाश माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आत्याबाई, मी बी माझ्या गावचा एकलाच होतो."

इतकी वर्षं या माणसाला जेवू घातलं, शिकवलं, त्याच्या चुकांवर पोट धरधरून हसलो. त्यांच्याही गावात कुणी खोली रंगवून वाट बघत असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं. आमची लग्नं त्यांनी लावली, आमची माणसं त्यांनी पुरली. हे सगळं कुठल्यातरी आईनं पाठवलेलं होतं! दुसऱ्याच्या लेकरावर चर्च चालतं ते असं, आणि आज देण्याची पाळी आमच्यावर आली होती.

पुढच्याच रांगेत बसलेल्या वहिनीनं ते ऐकलं होतं. ती उठली. आधी केरळच्या फादरांपुढे वाकली. "फादर, तुमच्या मायला आम्ही कधी इचारलंच न्हाई," एवढंच म्हणाली. फादरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

मग ती लेकाकडे वळली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान खाली घातली. भाच्यानं हात उचलले, पण त्याला आशीर्वादाचे शब्दच आठवेनात. त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या पदरावर पडत होतं.

वहिनी मान वर न करताच म्हणाली, "रडू नगं. जल्दी दे आशीर्वाद. माझ्यामागं सगळं गाव उभं हाय."