मुक्कामी गाडीचा तह

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी दहावी पास झाले आणि त्या उन्हाळ्यात माझं पुढचं शिक्षण एका एसटीवर अडलं. कॉलेज तुमसरला, आमचं गाव तुमसर-बपेरा रस्त्यापासून आत, आणि सकाळची गाडी नाही. बाबांनी सांगून टाकलं, "गाडी आली तं जाशीन. नाही तं सोयरीक पाहतो." बाबा वाईट नव्हते, पण मला असा राग आला की दोन दिवस मी त्यांच्या ताटात भात वाढला नाही.

गाडी मिळण्यासारखी होती. आगारातले साहेब तयार होते. संध्याकाळी मुक्कामी गाडी येणार, रात्री एका गावात थांबणार आणि सकाळी आमच्यासकट आसपासच्या चारही गावांना फेरी मारून तुमसरला जाणार. मात्र त्यांनी पत्रातून अट घातली होती: चारही गावांनी मिळून एकच अर्ज द्यायचा आणि मुक्काम कुठल्या गावी ते त्यात लिहायचं.

झालं! प्रत्येक गावाला गाडी आपल्याकडेच हवी. आमच्या शाळेच्या ओसरीवर तीन बैठका झाल्या, पातेलीच्या पातेली चहा संपला, ठरलं काहीच नाही. एक गाव म्हणे, आम्ही सगळ्यांत मोठे. दुसरं म्हणे, बाजार आमच्याकडे भरतो. तिसऱ्या गावचे म्हातारे पाटील तर कुणाचं ऐकूनच घेईनात. "गाडी आमच्या गावात झोपन, नाही तं कोनाच्याच नाही!" आमच्या गावची मंडळी चहा आपला म्हणून तोऱ्यात. पुढे नोकरीत मी सुटाबुटातल्या बैठकाही पुष्कळ पाहिल्या. दोघांच्या भांडणात एकाला समजावता येतं. चौघांत एकाला समजावलं की उरलेल्या तिघांना वाटतं, आपल्याला फसवलं.

चौथ्या बैठकीला मी बाबांच्या मागोमाग गेले. पोरीचं इथं काय काम, हे सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. आगाराचं पत्र बाबांच्या खिशात होतं. ते मी मागून घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. तीन बैठका तावातावानं भांडलेल्या या शहाण्यांपैकी एकानंही ते पुरतं वाचलेलं नव्हतं! शेवटी लिहिलं होतं की ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाची आणि झोपण्याची रोजची सोय मुक्कामाच्या गावानं करायची. मी ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली.

मग बाजारवाले म्हणाले, "आमच्याकडे जागेची अडचन हाय बाप्पा." मोठ्या गावचे म्हणाले, "पाटलाच्या गावातच थांबू द्या ना." पाटील खाकरले, "आमच्या घरी सून बाळंतीन हाय." आतापर्यंत सगळे ओढत होते ती गाडी आता सगळे एकमेकांकडे ढकलायला लागले. मला हसू आलं आणि लगेच जिरलंही. आता गाडी कोणालाच नको होती.

तेव्हा माझी माय बोलली. चहाची भांडी न्यायला ती ओसरीशी आली होती. "दोन मानसाचा भात मी रांधीन. रोज रांधीन. पन पोट्टी शिकली पाह्यजे."

मग मी कशाला गप्प बसते? म्हटलं, मुक्काम आमच्याकडे म्हणजे चुलीचं आणि अंथरुणाचं काम आमच्याकडे, आता सहीच्या बदल्यात तुम्ही काय घेता ते सांगा. मोठ्या गावानं गाडीतल्या बाकांच्या पुढच्या तीन रांगा मागितल्या. बाजारवाल्यांना भाजीच्या टोपल्या टपावर ठेवायच्या होत्या. दोन्ही कबूल झालं. उरले पाटील. मायनं सरळ विचारलं, "पाटील, तुमाले काय पाह्यजे?" चार बैठकांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. पाटील हळूच म्हणाले, "गाडीच्या पाटीवर आमच्या गावाचं नाव पाह्यजे. तुमसरच्या स्टँडवर लोकं वाचतीन."

"लिवा," माय म्हणाली, "मले काय त्याचं!"

अर्जावर पहिली सही पाटलांनी केली. आगारातले साहेब पाटीची मागणी वाचून हसले, पण त्यांनी तीही मान्य केली.

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी पाटीवर पाटलांच्या गावाचं नाव होतं आणि खिडकीत मी होते. चार गावं फिरेपर्यंत गाडीत अकरा मुली चढल्या. अकरा! मला वाटत होतं, मी माझ्या एकटीसाठी भांडतेय. नव्या वह्या छातीशी धरून बसलेल्या त्या पोरींकडे बघून मला रडूच फुटलं, आणि इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

मायनं पुढे पाच वर्षं दोन माणसांचा भात जास्तीचा टाकला. अंगात ताप असला तरी टाकला. माझा बी.ए.चा निकाल लागला त्या संध्याकाळी ड्रायव्हरनं गाडी थेट आमच्या दारात आणली आणि अख्खं गाव गोळा होईपर्यंत हॉर्न वाजवला. माय हात पुसत बाहेर आली, तसा तो सीटवरूनच ओरडला, "माय, आपली पोट्टी पास झाली!"