वीस शेळ्यांचा नियम

स्वारगेटला सकाळी सहाच्या एसटीत मला बसवून देताना नवरा खिडकीतून म्हणाला, "पोरीच्या चुका नीट मोजून आण." मी पर्स थोपटली. आत लाल पेन होतं, आणि सुजाताचा प्रबंध सादर करण्याचा अर्ज होता, माझ्या सहीची जागा कोरी असलेला. मी भूमला निघाले होते ती तिची चूक पकडायला. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी कशी तोंडावर आपटले याची मजा तुम्हाला पुरेपूर घेता येईल.

मी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवते. तरुणपणी भूम तालुक्यातल्या शेळीपालकांवर प्रबंध लिहिला. दोन महिने माळावरच्या वस्त्यांवर राहून घरोघर विचारलं, "शेळ्या किती?" आणि घरोघरून उत्तर आलं, वीस. क्वचित अठरा, क्वचित बावीस. मग मी सिद्ध केलं की माळरानावरचं शहाणं कुटुंब विसाच्या पुढे कळप वाढवतच नाही. चारा, पाणी, राबणारे हात, दुष्काळाची भीती, सगळं एका समीकरणात बसवलं. ते इतकं सुरेख बसलं की परीक्षक म्हणाले, "बाई, ही तर कविता आहे!" त्या कवितेवर मला नोकरी लागली, बढती मिळाली, आणि आजवर कितीतरी मुलांनी ती परीक्षेत दहा गुणांना लिहिली.

सुजाता माझी विद्यार्थिनी. जळकोटची, वडील एसटीत कंडक्टर. पाच वर्षं ती त्याच वस्त्यांवर काम करते आहे आणि तिच्या तक्त्यांत वीस औषधालाही नाही. बावन्न काय, सत्तर काय! मी तिचं प्रकरण तीनदा परत पाठवलं. शेवटच्या वेळी समासात लाल शाईनं लिहिलं, "उत्तरदात्याला विचारा. मोजणी ही आपली पद्धत नाही." सोमवारी तिची मुदत संपत होती. मार्गदर्शक म्हणून माझी सही पडली नाही, तर पाच वर्षं पाण्यात. आज शनिवार. म्हटलं, चल बाई, दाखवते तू कुठे चुकलीस ते.

टेंभुर्णीला चहा, कुर्डुवाडीला पुन्हा चहा. बार्शी मागे पडली तशी रानं मोकळी होऊ लागली. ज्वारीची काढणी चालू होती, कणसांचे ढीग उन्हात पडले होते. मग चढ लागले आणि मुरमाड माळ सुरू झाला, बोरी-बाभळींचा. तिथे काळ्याभोर, लांब कानांच्या शेळ्या दिसायला लागल्या. कागदावर जिल्हा आता धाराशिव झाला, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे. माझी अन्नदात्रीच ती! मी खिडकीतून चक्क हात हलवला. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुनी वळखीचं हाय का?" मी म्हटलं, "हो, घरातलीच." ते जरा सरकून बसले.

भूमच्या स्टँडवर सुजाता उभी होती. फेब्रुवारी संपत आलेला, ऊन मी म्हणत होतं, आणि या मुलीच्या अंगात जाकीट!

"ताप आहे का गं?"

"नाही मॅडम. खिसे लागतात." ती चालली की खिशात काहीतरी खुळखुळत होतं.

जीपमध्ये आमच्यासकट चौदा माणसं आणि एक पाण्याची टाकी होती. फाट्यावर उतरलो. तिथून वस्ती दोन किलोमीटर. अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. अशी मी, विद्यापीठातली ज्येष्ठ प्राध्यापक, एक पाय अनवाणी, लंगडत वस्तीवर अवतरले.

गोविंदतात्या दारातच होते. प्रबंधाच्या वेळी याच घरी मी मुक्काम केला होता. त्यांनी माझी चप्पल उचलली आणि तार शोधायला गेले. त्यांची बायको मालनबाई मात्र डोळ्यांवर हात धरून बघत राहिली.

"ह्या त्या बाईच न्हवं का? तवा लई वाळल्या व्हत्या. आता बऱ्या दिसत्यात." मग वरपासून खालपर्यंत पाहून, "लईच बऱ्या."

जेवायला भाकरी आणि हुलग्याचं माडगं (कुळथाची दाट, लसणाची पेज). दुसरी वाटी संपवल्यावर मला बळ आलं. सुजाताकडे एक नजर टाकली, म्हणजे बघ आणि शीक, आणि माझा जुना प्रश्न माझ्या जुन्या आवाजात टाकला.

"तात्या, शेळ्या किती तुमच्या?"

"हाईत की ईसेक." (वीसेक.)

मी सुजाताकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. ती भाकरीचा तुकडा मोडत होती. वर बघेना.

दिवस कलला तशा शेळ्या परत आल्या. वाडग्याच्या (काट्यांच्या कुंपणाच्या) दाराशी सुजाता दोन्ही हात खिशात घालून उभी राहिली. काळा लोंढा आत शिरू लागला. मला वाटलं, आपणही जरा बघावं. मी बोट नाचवत सुरू केलं, "एक, दोन, तीन, चार..."

पाचवर माझ्या तोंडावर एक खरखरीत तळवा येऊन बसला. मालनबाईचा! जन्मात माझं तोंड कुणी असं दाबलं नव्हतं, कुलगुरूंनीसुद्धा.

"मोठ्यानं मोजू नगा बाई! दिष्ट लागती!"

मी थक्क. तेवढ्यात शेवटची शेळी आत गेली, दार लागलं, आणि सुजातानं उजव्या खिशातून मुठी भरभरून चिंचोके काढून माझ्या पदरात टाकले. एक शेळी आत गेली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. तोंडातून शब्द नाही. मी ओट्यावर बसून ते लावले. त्रेपन्न. पुन्हा लावले. त्रेपन्नच.

"तात्या," मी चिंचोके मुठीत धरून म्हटलं, "तुम्ही वीस सांगितलंत."

"व्हय."

"तेव्हाही वीसच सांगितलंत."

"तवा तर ह्याच्याहून जास्त व्हत्या," मालनबाई अभिमानानं म्हणाली.

"जित्राबाचा खरा आकडा कुनी सांगतं का बाई?" तात्या शांतपणे चपलेची तार पिळत होते. "आमचा बा ईस सांगायचा, आमीबी ईस सांगतो. समदी वस्ती ईसच सांगती."

"आणि जे बावीस म्हणाले?"

"तुमीच मागं लागायच्या की, 'नक्की सांगा, नक्की सांगा'. मग एक-दोन वाढवून द्यायचं मानसानं."

"पण ही फसवणूक झाली तात्या!"

आता तात्या चकित झाले. हातातली चप्पल खाली ठेवली. "फसवनूक कशी? सोयरा आला तरी ईसच सांगतो, आन् त्योबी त्याच्या ईसच सांगतो. दोगांलाबी ठावं असतं. तुमी दोन म्हैने इथं ऱ्हायल्या. रोज सांजंला शेळ्या तुमच्या म्होरून वाडग्यात गेल्या. आमाला वाटलं, बाईनं बघितलंय समदं, आपली रीत म्हून इचारत्यात."

खरंच, रोज संध्याकाळी मी याच ओट्यावर बसून वहीत "वीस" लिहीत होते आणि समोरून धुरळा उडवत पन्नास-साठ शेळ्या जात होत्या. धूळ नको म्हणून मी नाकाला रुमाल लावायची.

माझा चेहरा पडलेला बघून मालनबाईनं विषय बदलला. "बाई, पगार किती मिळतो तुमाला?"

"मिळतो... म्हणजे... भागतं आपलं."

तात्यांनी मांडीवर थाप मारली. "आयला, बाईचाबी ईसेकच!"

ओट्याभोवती जमलेली अख्खी वस्ती हसली. सुजातानं तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. मग माझाही बांध फुटला. डोळ्यांत पाणी येईतो हसले; त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं.

"तुला हे माहीत होतं?" मी तिला विचारलं.

"हो मॅडम. आमच्याकडे दोनच शेळ्या होत्या, तरी आजी कुणी विचारलं की 'हाय एखादी' म्हणायची."

"मग प्रकरणात लिहायचं नाही का?"

ती चाचरत म्हणाली, "लिहिलं होतं मॅडम. पहिल्या मसुद्यात, तळटीपेत. तुम्ही खोडलंत. 'लोकसमज, अनावश्यक' म्हणून."

दिवसभरात बसलेले सगळे धक्के एका बाजूला आणि हा एका बाजूला. कारण मला ते अक्षर आठवलं. लाल. ठसठशीत. खाली दोन रेघा मारलेल्या.

मी तिथेच मांडीवर अर्ज पसरला आणि पेन काढलं.

"मॅडम, लाल नाही चालत," सुजाता हलकेच म्हणाली आणि स्वतःचं निळं पेन पुढे केलं. सही झाल्यावर तिनं ती जागा बोटानं चाचपून पाहिली, ओली आहे का म्हणून, की खरी आहे का म्हणून, कोण जाणे.

"तुमच्या प्रबंधाचा संदर्भ काढू का?"

"अजिबात नाही. ठेव. आणि ती तळटीप उचल, प्रकरणाच्या पहिल्या ओळीत घाल."

त्या रात्री भूमच्या लॉजवर राहिलो. रविवारी सकाळी सुजातानं कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा आणि एक जड पुरचुंडी माझ्या हातात दिली. सही झालेला अर्ज सोमवारी कचेरीत द्यायला माझ्या पर्समध्ये होता. एसटी सुटली. माळावर पुन्हा काळ्या शेळ्या दिसल्या. या खेपेला मी हात हलवला नाही. तोंडातल्या तोंडात मोजू लागले, आणि अठ्ठाविसावर गाडी वळली.

वाटेत मनाशी ठरवून टाकलं की उद्या वर्गात फळ्यावर आधी माझा नियम लिहायचा, समीकरणासकट, सुरेख अक्षरात. मग चिंचोके टेबलावर ओतायचे. मुलं खूप हसतील. हसू देत. इतकी वर्षं मी त्यांना लोकांना कसं विचारायचं ते शिकवलं. विचारून झाल्यावर मान वर करून बघायचं असतं, हे शिकायचं तात्यांच्या ओट्यावर राहून गेलं होतं.

स्वारगेटला नवरा स्कूटर घेऊन उभा होता. माझ्या चपलेतली तार बघून त्याच्या भुवया वर गेल्या.

"मग? पोरीच्या चुका किती निघाल्या?"

"एकही नाही. सही केली."

"अरे वा! आणि तुझ्या?"

मी चिंचोक्यांची पुरचुंडी मांडीवर नीट धरून मागे बसले.

"असतील वीसेक," मी म्हटलं.