पाळीवरून परतलेली आत्या

उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला की मला आत्या आठवते. त्या वर्षी जिल्हा परिषदेला बाबा आणि काका एकमेकांविरुद्ध उभे होते. पहिल्या मोजणीत काका निवडून आले, फेरमोजणीत बाबा. प्रकरण कोर्टात गेलं. दिवाळीनंतरची आमची जत्रा, गावची मंडई, पहिल्यांदाच दोन ठिकाणी भरली, तलावाच्या अल्याड एक नि पल्याड एक. मंडईला माहेरी आलेली आत्या तलावाच्या पाळीवरच, मधल्या बांधावरच, थबकली. मी तिला बाबांच्या बाजूला ओढू लागले. "कोनाच्या मंडईले जाऊ वं पोरी? दोघंही माहेच भाऊ." शिंगाड्यांचा गरम पुडा माझ्या हातात देऊन ती तुमसरच्या बसनं परत गेली. कोर्टाचा निकाल लागेस्तोवर जिल्हा परिषदेची ती मुदतच सरली. आता बाबा नाहीत, काकाही नाहीत. मंडया मात्र अजून दोनच भरतात. यंदा मीही पाळीवरूनच परतले.