वहिनीचे निळे हात

वहिनी गुन्हेतपासाच्या कोर्सला नाव घालून आली, तेव्हा माझ्या भावाच्या हातातला चहा सांडला. "या वयात? मुडदे बघायला?" मी म्हटलं, जा गं तू बिनधास्त, स्टुडिओ मी सांभाळते.

स्टुडिओ म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. मागे पडदा, दोन दिवे, एक स्टूल. वहिनीनं अर्ध्या गावाला त्या स्टुलावर बसवलंय. हनुवटी वर, खांदे सरळ, आणि शेवटी पुढे जाऊन समोरच्याची कॉलर नीट करायची. त्याशिवाय तिचं बटण दाबलं जायचंच नाही. पण आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन. "लोकांना छान दाखवण्यात जन्म गेला," ती म्हणाली, "आता जे जसं पडलंय ते तसंच टिपायचंय." गुन्हा घडलेल्या जागेचा तपास कसा करायचा, ते शिकवणारा कोर्स होता तो. ठसे, डाग, मोजमापं, फोटो.

कॉलेजात त्यासाठी एक खोटी खोली मांडलेली असते. उलटी खुर्ची, फुटका कप, जमिनीवर शर्टपँट घातलेला कापडी बाहुला. एक भिंत काचेची, बाहेरून बघायला. पहिल्याच प्रात्यक्षिकाला वहिनी कॅमेरा घेऊन आत गेली, बाहुल्यापाशी गुडघ्यांवर बसली आणि सवयीनं त्याची कॉलर नीट केली!

काचेबाहेर असा हशा पिकला म्हणता! खुन्याचे ठसे नेमके त्या कॉलरवरच ठेवलेले. ते गेले पुसून. सर म्हणाले, "बाई, याचं लग्न जमवायचं नव्हतं." त्या दिवसापासून पोरं तिला कॉलरबाई म्हणायला लागली. वर ताकीद मिळाली: शेवटच्या परीक्षेत खोलीतल्या कशालाही हात लागला तर नापास, आणि पुन्हा बसायचं नाही.

भावाला आयतंच निमित्त मिळालं. "सोड की आता. शोभा झाली तेवढी पुरे."

वहिनी कपडे वाळत घालत होती. "चुकले मी. कबूल," ती म्हणाली. "पण सोडणार नाही. काय करायचं ते करा."

मग तिनं स्वतःच्या हातांना वळण लावायला घेतलं. घरात काहीही वाकडं दिसलं तरी बघायचं, हात लावायचा नाही. बाबांचा भिंतीवरचा फोटो तिरका झाला तो तिरकाच. शेवटी बाबाच वैतागले, "अगं, मी जिवंत आहे तोवर तरी सरळ लटकव!"

परीक्षेच्या दिवशी स्टुडिओला कुलूप लावून मीही गेले. बाहेरून परीक्षक आले होते. त्या खोट्या खोलीच्या दारात वहिनीनं पांढरे हातमोजे चढवले, पिशवीतून शिक्क्याचं निळं पॅड काढलं आणि दहाही बोटं त्यावर दाबली.

"हे काय चाललंय?" सर ओरडले.

"हात लागला तर दिसेल. माझ्यावर विश्वास नाही ना तुमचा? मग ठेवूच नका."

"आत शाई नेता येणार नाही!"

"कुठे सांडली तर करा नापास."

परीक्षक सरांकडे वळले. "जाऊ द्या त्यांना."

ती आत गेली. तिचा कॅमेरा निळा झाला, तिची मोजपट्टी निळी झाली. बाहुल्यापाशी ती बसली. मेल्यांनी त्याची कॉलर मुद्दाम आत दुमडून ठेवली होती. तिचा हात पुढे गेला. मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा ती फोटो काढत होती.

बाहेर आली ती थेट परीक्षकांसमोर उभी राहिली. "शोधा."

ते भिंग घेऊन आत शिरले. खुर्ची बघितली, कप बघितला, कॉलर तर उलटसुलट करून बघितली. सर दारात ताटकळत उभे.

"खोली स्वच्छ आहे," परीक्षक बाहेर येऊन म्हणाले. मग वहिनीकडे निरखून बघितलं. "पण एका ठिकाणी बोटं सापडली."

सरांची मान लगेच वर.

परीक्षकांनी बोट दाखवलं. वहिनीच्या स्वतःच्या शर्टाच्या कॉलरवर, दोन्ही बाजूंना, निळीशार बोटं उमटली होती.

तिनं मान खाली घालून ती बघितली आणि सगळ्यांसमोर पुन्हा एकदा कॉलर ताठ केली.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "ही मी नीट करणारच."