रुमालाखालचा हात

बैलांच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून बोली चालते. भोवती कितीही गर्दी असो, आकडा त्या दोघांनाच कळतो. मी दुसऱ्यांची जनावरं हाकत या धंद्यात आलो आणि त्या रुमालाखालीच घर बांधलं. समोरच्याचं बोट कुठे ढिलं पडतं ते मला कळतं. माझं मी कुणाला कळू दिलं नव्हतं.

सौदा ठरला की बैलांवर गुलाल पडतो आणि माणसं बसतात. बसतात म्हणजे पितात. मी प्रत्येक सौद्याला बसायचो. पुढे सौदा नसला तरी बसू लागलो. डॉक्टर जे बोलले ते बायकोने ऐकलं आणि त्या दिवसापासून तिने माझ्याशी भांडणंच सोडून दिलं. त्याची मला भीती वाटली.

आमच्या मिरजगावच्या बाजारातल्या एका दलालाने तेव्हा दारू सोडली होती. माझे बहुतेक सौदे तोच जुळवायचा. कशी सोडलीस, असं मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "शेठ, माझ्यासंगं नगरला चला. नुसतं बसायचं हाय."

"बसायचंच तर मिरजगाव काय वाईट हाय?"

"नगरला चहावर बसत्यात."

नगरला शाळेच्या एका खोलीत दारू सोडणाऱ्यांची सभा भरायची. लहान मुलांच्या बाकांवर मोठाली माणसं गुडघे दुमडून बसलेली. किती घेता, असं मी दारातच विचारलं. काही नाही, म्हणाले. फुकट मिळणाऱ्या जनावरात खोड असते हा माझा अनुभव, म्हणून पहिले काही आठवडे मी ती खोडच शोधत बसलो. सभा चालवणारे एक निवृत्त गुरुजी होते. ते दर वेळी एकच सांगायचे, "इथं ऐकलेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही." सगळे मान डोलवायचे. लिहून घेणं नाही, इसार नाही. बाजारही शब्दावरच चालतो, म्हणून मला ते पटलं.

हळूहळू पिणं सुटलं. मग एकदा मी खोलीत जे बोललो ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. म्हणालो, ऊन कललं की मला बाजारात थांबवत नाही. माणसं बसायला निघतात, माझी बोटं थरथरू लागतात. मग भाव बघत नाही, फक्त सुटायचं बघतो. गुरुजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दलाल शेजारीच होता. त्याने मला चहा आणून दिला.

पुढच्याच महिन्यात माझ्या दावणीची सगळ्यात देखणी खिल्लार जोडी विकायला काढली. गिऱ्हाईक दलालानेच आणलं, श्रीगोंद्याकडचं. सकाळी त्याने दात बघितले, बैल चालवून बघितले आणि निघून गेला. जेवून आला, पुन्हा बघितले. ऊन कलायला लागल्यावर त्याने रुमाल टाकला, माझी बोटं धरली आणि धरूनच ठेवली. दाबेना, सोडेना. माझा हात थरथरला तसा हसून म्हणाला, "सावकाश होऊ द्या, मालक. ऊन कललं की तुमाला थांबवत न्हाई म्हनं."

शब्द माझे होते. मी ते एकाच खोलीत बोललो होतो.

मी दलालाकडे बघितलं. तो बैलाच्या शिंगावरची माती नखाने खरवडत होता.

आणि तरीही जोडी मी त्या माणसाच्या भावाला दिली. डाव कळला होता, तरी पाय निघायलाच बघत होते. हे मला आजही जाळतं.

आसपासचे व्यापारी जमले. काय झालं शेठ, तोंड असं का? दलालाने त्याच खोलीत एक गोष्ट सांगितली होती. ती मी तिथे बाजारात बोललो असतो तर त्याच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न संध्याकाळपर्यंत मोडलं असतं. वाक्य तोंडात तयार होतं. मी रागाचा माणूस आहे, कमी कारणावर मी माणसांच्या गचांड्या धरल्या आहेत.

"काही नाही, ऊन लागलं," म्हणालो आणि एस.टी. पकडली.

पुढच्या सभेला मी त्याला शाळेच्या फाटकातच अडवलं. तो शांत होता. "धंदा हाय शेठ. तुमी प्यायचा असं कुणाला बोललो का मी? उन्हाचं तेवढं सांगितलं."

मी आत गेलो. माघारी फिरलो असतो तर वाटेतल्या पहिल्या दुकानात थांबलो असतो, हे मला ठाऊक होतं.

सभा संपली की सगळे गोल उभे राहून एकमेकांचे हात धरतात आणि प्रार्थना म्हणतात. तो उशिरा आत आला आणि नेमका माझ्या डाव्या बाजूला उभा राहिला. मी त्याचा हात धरला. इतकी वर्षं बोटं वाचली आहेत, तेव्हा कुठे शरमेची एखादी शीर सापडते का ते बघितलं. हात कोरडा होता, स्थिर. उजवा हात गुरुजींच्या हातात होता, म्हणून प्रार्थना संपेपर्यंत मी त्याचा हात सोडला नाही.

मी अजून जातो. तोही येतो. त्याची गोष्ट मी बाहेर नेली नाही. ती नेली तर त्या खोलीत मला परत पाय ठेवता येणार नाही, आणि दुसरी खोली मला माहीत नाही. बाजारात मात्र तो गिऱ्हाईकाच्या वतीने रुमाल घेऊन पुढे आला की मी हात मागे बांधतो.

"तोंडाने बोल," म्हणतो. "सगळ्यांसमोर."